नळ गळतोय, प्लंबर एम-थ्रीला बसलाय

नवरात्रातली गोष्ट. घट बसले त्याच दिवशी आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. नेहमीच्या प्लंबरला फोन लावला, तर पलीकडून चोरासारखा आवाज आला, "काका, लेक्चर चालूय. ब्रेकमध्ये करतो."

लेक्चर? प्लंबरचं? आधी वाटलं, कुठल्या तरी घरमालकाला लेक्चर देतोय. त्या बाबतीत त्याचा हात धरणारा अख्ख्या पुण्यात नाही. "हे कुठल्या गाढवानं बसवलंय?" हे घरात शिरल्यावरचं त्याचं पहिलं वाक्य, आणि बसवणारा बहुधा दोन वर्षांपूर्वीचा तोच असतो. पण नाही हो! पठ्ठ्या खरोखरच वर्गात बसला होता. इंजिनिअरिंग कॉलेजात. मेकॅनिकल, थेट दुसरं वर्ष, शेवटून दुसरा बाक. वय वर्षं ३१, मिशी शाबूत.

आता बोला! आपण काय करायचं? तीन वर्षं नळाखाली बादली लावून बसायचं? आणि त्याला केटी लागली तर चार?

जिन्यात चर्चा पेटली तेव्हा कळलं की आपलं एकट्याचंच घर बुडालेलं नाही. बी विंगचा वायरमन संध्याकाळी फोन उचलत नाही, कारण त्याला जर्नल लिहायचं असतं. कोपऱ्यावरचा फॅब्रिकेशनवाला ग्रिल अर्धं सोडून गेला, ते ग्रिल जुलैपासून तसंच लटकतंय. त्याला म्हणे प्रवेशाच्या कॅप राउंडची कागदपत्रं तपासून घ्यायची होती. पहिल्या मजल्यावरच्या काकूंचं बाथरूम तर फोडून ठेवलंय. गवंडी म्हणाला, "काकू, टाइल्स नंतर लावू, आधी सर्व्हेइंगचं सबमिशन." काकू शेजारच्या बाथरूममध्ये आंघोळीला जातात आणि जाताना सगळ्या तंत्रशिक्षणाचा उद्धार करतात. काय चाललंय काय या राज्यात?

आणि वाट तरी कसली धरलीय ती बघा! आयटीआयची दोन वर्षं. त्या जोरावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात, म्हणजे आणखी दोन. तिथून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात, म्हणजे तीन. झाली सात. शनीसुद्धा साडेसातीत सोडतो माणसाला, इथं सातात सुटाल याची हमी कोण देणार? आमचा प्लंबर मूळचा फिटर ट्रेडचा. मधली दोन वर्षं हा उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या सुमाराला "गावाला जाऊन येतो" म्हणायचा. आपण भाबडे. शेतीची कामं असतील, म्हातारी आजारी असेल, असं समजून उलट त्याच्या हातावर शंभर रुपये जास्त ठेवायचो. म्हातारी ठणठणीत होती! हा डिप्लोमाचे पेपर देऊन यायचा! केवढा हा विश्वासघात! आणि केवढी ही चिकाटी, हे आपलं हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं.

बरं, दोष द्यायचा कुणाला? इंग्रजांना द्यावा, तर त्यांनी १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग काढला तो सार्वजनिक बांधकामावर हाताखालची माणसं मिळावीत म्हणून. साहेबाला साहेब नको होते, ओव्हरसिअर हवे होते. त्याच वर्गाचं पुढं सीओईपी झालं, तिथून विश्वेश्वरय्या शिकून बाहेर पडले आणि दर १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन साजरा करायला लागलो. मग १९८३ साल उजाडलं. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदान कॉलेजांना दार उघडलं आणि त्या दारातून महाराष्ट्र असा घुसला की चौकट आजतागायत सरळ झालेली नाही. कालपर्यंत जिथं उसाच्या मोळ्या उतरत होत्या तिथं ड्रॉइंग हॉल उभे राहिले. माळरानावर आधी कमान, मग कॉलेज, आणि त्यानंतर सवडीनं प्राध्यापक. ज्यांचं स्वतःचं शिक्षण बेताचंच झालं होतं त्या दादांनी घराघरांत इंजिनिअर पेरला. त्यातून सुटले होते ते फक्त पाना-पक्कडवाले. आता तेही निघाले. मग राहिलं कोण? आपण आणि बादली.

पण खरी मौज आहे ती वर्गातली. कल्पना करा, बारा वर्षं ज्यानं पाइप जोडले, त्याला फ्लुइड मेकॅनिक्सचे सर सांगतायत की प्रवाहाला वळण दिलं की हेड लॉस होतो. आमचा प्लंबर मनात म्हणाला, हेड म्हणजे डोकं असेल तर ते माझं वर्गात बसल्यापासून रोज लॉस होतंय. मग उलगडा झाला तेव्हा त्याला हसू आवरेना. "काका, म्हणजे एल्बो जास्त मारले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते, एवढंच ना! हे मी तुम्हाला फुकट सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत." बर्नुली नावाच्या गृहस्थानं प्रवाहाचं गणित १७३८ साली पुस्तकात मांडलं. आमच्या प्लंबरनं ते आमच्या गच्चीवर, टाकीला मिठी मारून, पान चघळत मांडलं होतं. फरक इतकाच की बर्नुलीच्या तोंडावर कुणी "जरा कमी करा की" असं म्हटलं नव्हतं.

वायरमनची तऱ्हा तर त्याहून भारी. त्याच्या प्रयोगवहीतला प्रयोग काय, तर जिन्याची वायरिंग. खालच्या बटनानं दिवा लावायचा, वरच्या बटनानं बंद करायचा. ज्या माणसानं आपल्या सोसायटीचे तिन्ही जिने डोळे मिटून वायर केले, त्याला आता उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि निष्कर्ष लिहायचे! निष्कर्षात त्यानं लिहिलं, "दिवा लागला." बाईंनी वही परत केली. निरीक्षणं तक्त्यात हवीत म्हणाल्या. आता सांगा, लागलेल्या दिव्याचा तक्ता कसा करतात?

गवंडीही कमी नाही. पाया आखताना तो दोरीवर तीन, चार आणि पाच फूट मोजून काटकोन धरायचा. तो पायथागोरस आहे हे त्याला पॉलिटेक्निकात कळलं. "एक-दोन-चारचा माल" म्हणायचा तो आता एम-पंधरा म्हणतो आणि मुठीत दाबून ओलावा बघायच्या ऐवजी स्लम्प टेस्टच्या गोष्टी करतो. फॅब्रिकेशनवाल्याची मात्र बिचाऱ्याची पंचाईत झाली. जन्मभर सगळं सुतात मोजलं. आठ सूत म्हणजे एक इंच, हे त्याच्या रक्तात. ड्रॉइंग शीटवर मात्र सगळं मिलिमीटरमध्ये. सरांनी विचारलं, "हे किती?" हा म्हणाला, "सव्वा इंचाला एक सूत कमी." सर पाच मिनिटं फळ्यावर हिशेब करत होते म्हणे.

आणि मग येतं ते एम-थ्री. ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. गणिताचा तिसरा पेपर. पहिल्या वर्षाचे एम-वन, एम-टू थेट दुसऱ्या वर्षात शिरणाऱ्यांनी बघितलेलेच नसतात. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या नसलेल्या जिन्याच्या तिसरीवर उडी मारायची, आणि तिथं लाप्लास उभा! सहा मजल्यांच्या डक्टमध्ये दोरीला लटकून ज्यानं सांडपाण्याचे पाइप बदलले तो आमचा वाघ लाप्लास ट्रान्सफॉर्मपुढं शेळी झाला. रात्री अकरा वाजता त्याचा फोन आला. "काका, तुमच्या वेळी हे होतं का?" आमच्या वेळी! आम्ही वाणिज्य शाखेचे. पण हे त्याला सांगायला जीभ रेटेना. "होतं की," म्हटलं, "पण थोडं वेगळं होतं."

बाटग्याची बांग मोठी म्हणतात ते काही खोटं नाही. डिग्री मिळायला अजून अडीच वर्षं आहेत, पण भाषा आत्ताच बदललीय. पूर्वी "वॉशर गेलंय" म्हणून दोन मिनिटांत काम संपायचं. आता "सील फेल्युअर दिसतंय, रूट कॉज बघावा लागेल." पूर्वी भाव तोंडी असायचा, तोही दारात चपला घालता घालता. आता कोटेशन येतं, पीडीएफमध्ये. त्यात मजुरी, साहित्य आणि खाली एक ओळ, फॅक्टर ऑफ सेफ्टी दीड. म्हणजे काय रे बाबा? "म्हणजे काका, जेवढे लागतील वाटतं त्याच्या दीडपट धरायचे. सिलॅबसमध्येच आहे." आणि ज्या देशात पुस्तकातलं काही उपयोगी पडत नाही म्हणून आपण ओरडतो, त्या देशात हा माणूस पहिल्याच सेमिस्टरला पुस्तकातलं बिलात उतरवतो!

खंडेनवमीला तर कहर झाला. दरवर्षी तो पाइप-पाने, डाय सेट, ड्रिल मशीन पाटावर मांडून झेंडूची फुलं वाहतो. यंदा मधोमध सायंटिफिक कॅल्क्युलेटर! हळदकुंकू इतकं सढळ वाहिलं की सात आणि चारची बटणं अजून चिकटतात. त्या कॅल्क्युलेटरवर आता सात चोक अठ्ठावीस येत नाही म्हणतो. बाजूला रुसून बसलेला तो अठरा इंची पाना बघून आमचंच काळीज हललं.

पण अहो, हा एवढा उपद्व्याप कशासाठी? धंदा दणकून चाललेला. हाताखाली दोन पोरं, दारात पिकअप, कात्रजच्या पुढं वन बीएचके, तोही कर्ज फेडून झालेला. आमच्या मजल्यावरच्या तीन बी.ई. झालेल्या पोरांच्या पगाराची बेरीज केली तर एखाद्या महिन्यात ती याच्याखालीच जाईल. मग काय वेड लागलंय का?

वेड कुणी लावलं ते बघायचं तर मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला जाऊन बसावं लागतं. "मुलगा काय करतो?" "प्लंबिंगचा धंदा आहे, स्वतःचा फ्लॅट आहे." की झालं, पाहुण्यांचं लक्ष पंख्याकडं जातं. पंखा छान आहे म्हणतात. तेच, "इंजिनिअरिंग करतोय, दुसऱ्या वर्षाला आहे, दोन विषय राहिलेत" म्हटलं की आतून पोह्यांबरोबर चिवड्याचीही बशी येते. राहिलेले विषय म्हणजे पात्रतेचा पुरावा! आणि हे पाहुणे कोण, मंगळावरून आले होते? तुम्ही आणि मीच की. धाकट्यानं मिक्सर खोलला की आपण काय म्हणतो? "बघा, इंजिनिअर होणार." कधी कुणाच्या तोंडून ऐकलंत का, "बघा, मिक्सर रिपेअरवाला होणार"? खोलला तर मिक्सरच होता ना?

आणखी एक. बोलू नये, पण आता विषय निघालाच आहे. प्लंबरला चहा देताना आपल्या घरात कुठला कप निघतो? आठवा. खरं आठवा. आमच्याकडचा निळा आहे, कान तुटलेला, ओट्याखालच्या फळीवर मागं असतो. दसऱ्यानंतरच्या रविवारी तो आला तो कॉलेजातून थेट, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, खांद्यावर शीटचं कंटेनर धनुष्यासारखं अडकवलेलं. नळाकडं नुसतं बघितलं, आणि इकडं सौभाग्यवतींनी बशीसकट फुलाफुलांचा कप पुढं केला. वर बाकरवडी. त्यानं कप हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "काकू, बारा वर्षांत कप बदलला." काकू म्हणाल्या, "अरे, तो निळा सापडेना." तो ओट्याखाली वाकला, ट्रॅपजवळची फळी त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक, आणि निळा कप काढून ओट्यावर ठेवला. मग निवांत बाकरवडी खाल्ली. नळ दुरुस्त न करताच गेला, ही गोष्ट वेगळी.

गंमत म्हणजे जगाचं चाक उलटं फिरतंय आणि आपल्या गड्यांना त्याची शुद्ध नाही. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. काय हवं होतं जर्मनांना? आपले इलेक्ट्रिशियन, प्लंबर, असेच कसबी हात. ज्यांच्या पोटी बेंझ आणि बॉश जन्मले ते म्हणतायत, प्लंबर पाठवा. आणि आपला प्लंबर म्हणतो, थांबा, आधी बेंझनं काय केलं ते वाचून परीक्षा देऊ द्या! इकडं आमच्या वरच्या मजल्यावरचा आयटीवाला, पक्का बी.ई. कॉम्प्युटर, दर शनिवारी भरमसाट फी भरून सुतारकामाच्या वर्कशॉपला जातो. मन शांत होतं म्हणे. दोन महिन्यांत एक स्टूल झालं, ते डुलतं, पण इन्स्टाग्रामवर सरळ दिसतं. त्याला रंधा शिकवतो कोण? एक सुतारच. आणि तो सुतार मधल्या सुट्टीत याच्याकडून पायथॉन शिकतो, कारण त्यालाही डिप्लोमाच्या पुढं जायचंय. आता या दोघांपैकी कुणी कुणाला फी द्यावी, यावर आमच्या कट्ट्यावर दोन तट पडले आहेत.

तरी बरं, लक्ष्मणराव किर्लोस्कर आज नाहीत. जे. जे. स्कूलमध्ये मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले, व्हीजेटीआयमध्ये शिकवलं, बेळगावात सायकली विकल्या, लोखंडी नांगर केले आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. हे सगळं इंजिनिअरिंगच्या डिग्रीवाचून! आज ते त्यांच्याच पंपाच्या कारखान्यात अर्ज घेऊन गेले असते, तर ऑनलाइन फॉर्मनं त्यांना दुसऱ्याच पानावर लाल अक्षरात अडवलं असतं. पण हे उदाहरण प्लंबरला सांगायची सोय नाही. एकदा सांगून बघितलं. "मग तुमचा मुलगा काय करतो काका?" एवढंच त्यानं विचारलं. मुलगा बी.ई. आहे. पुढचं बोलणं पावसावर नेलं.

आणि तुम्ही, हे वाचून गालातल्या गालात हसणारे, तुमचं काय? तुमच्या माळ्यावर तो मिनी-ड्राफ्टर नाही? लोखंडी पेटीत ए.एम.आय.ई.ची जुनी पुस्तकं नाहीत, नोकरी करता करता परीक्षा देऊ म्हणून घेतलेली, सेक्शन ए च्या तिसऱ्या पेपराशी थांबलेली? नोकरदारांसाठी संध्याकाळचे इंजिनिअरिंगचे वर्ग निघाल्याची बातमी आली तेव्हा ती तुम्ही गुपचूप स्वतःलाच पाठवून ठेवली नाहीत? आमच्या सोसायटीचे खजिनदार, वय ५४, बँकेतून स्वेच्छानिवृत्त, परवा लिफ्टमध्ये हळूच विचारत होते, डिप्लोमाला वयाची अट असते का. "भाच्यासाठी विचारतोय," म्हणाले. भाचा सहावीत आहे. आणि आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगतो, त्या रात्रीच्या फोननंतर मी मोबाइलवर लाप्लासचा एक व्हिडिओ लावला. म्हटलं, बघू तरी, कोण हा माणूस. दुलईच्या आत, आवाज कमी करून. आता अकरावा चालू आहे. इन्व्हर्स कळलं मला. सौ.ला वाटतं मी भलतंसलतं बघतो. तोच समज बरा. हे कळलं तर अब्रू राहायची नाही.

नळाचं विचाराल तर तो अजून गळतो. नुसता गळत नाही, अभ्यासक्रमाला लागलाय. प्लंबरच्या ग्रुपनं मिनी प्रोजेक्ट घेतला, 'गळती ओळखणारी स्वयंचलित यंत्रणा'. आमच्या नळाखाली एक सेन्सर, त्याला एक पाटी, पाटीतून सात रंगांच्या वायरी. थेंब पडला की त्याच्या मोबाइलवर टिंग. महिनाभर रोज रात्री आमच्या स्वयंपाकघरात थेंब पडायचा आणि तिकडं कात्रजला त्याची झोप उडायची, यात एक न्याय होता. "वॉशर बदलून टाक की," मी एकदा म्हटलं. त्यानं असं बघितलं, जणू मी प्रयोगशाळेला काडी लावायला निघालोय. "काका, व्हायवापर्यंत हात लावायचा नाही. डेटा बिघडेल." बरं, सोसायटीतले एकेक जण येऊन सांगून जातात, आमच्याकडचा पण घ्या प्रोजेक्टला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा सिस्टर्न तर ग्रुपनं 'बॅकअप सॅम्पल' म्हणून नोंदवून घेतलाय, आणि त्या आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत असतात.

मार्गशीर्षात व्हायवा झाली. संध्याकाळी पेढे घेऊन आला. सरांनी काय विचारलं, म्हटलं. "पहिला प्रश्न सेन्सरवर होता, सांगितला. दुसरा अचूकतेवर, तोही सांगितला."

"आणि तिसरा?"

"तिसरा, दार लोटून घेतलं आणि विचारलं, त्यांच्या घरचा फ्लश दोन महिने वाहतोय, चांगला प्लंबर कुठं मिळेल."

"मग?"

"रविवारी जातोय," तो म्हणाला, आणि पेढ्याचा पुडा त्यानं निळ्या कपाशेजारी ठेवला. "पण काका, कोटेशन पाठवलंय. दीडपट."